भाडेकरू

आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या तळमजल्यावर
एकोणचाळीस वर्षं राष्ट्रपती राहत होते.
खोटं नाही सांगत. करारनामा आहे माझ्याकडे,
गंजलेल्या टाचणीसकट:
एका बाजूला तवनाप्पा बाबगोंडा मगदूम, व्यवसाय गूळ-तोलाई,
दुसऱ्या बाजूला भारताचे राष्ट्रपती,
आणि खाली, त्यांच्या वतीने,
डाक अधीक्षकाची घाईतली सही.

अप्पांनी तो कागद गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर
इतक्यांदा उलगडला की घडीवर फाटला.
"तिन्ही दळं ह्यांच्या हुकमात," धारा काढता काढता कुणी म्हणायचं,
"आणि भाडं दोनशे चाळीस?"
अप्पा कागद खिशात घालत.
"माणूस मोठा हाय. पर सही दुसऱ्याची लागतीया."

शाळेत प्रश्न आला: राष्ट्रपतींचे अधिकार लिहा. गुण पाच.
मी लिहिलं, विधेयकावर सही करतात,
पटलं नाही तर एकदा परत धाडतात,
पुन्हा तेच आलं की सही करावीच लागते.
फाशी माफ करू शकतात.
आणि घर आमचं असल्यामुळं एक जादा लिहिला:
मोरीचा नळ गळत असला तरी दुरुस्त न करणे.
कुंभोजकर बाईंनी अर्धा गुण कापला
आणि वहीवर वाकून हळूच विचारलं,
"अजून गळतो?"

भाडेवाढीचे अकरा अर्ज गेले.
शेवटी वकिलांनी बोट ठेवून दाखवलं:
करार त्यांच्या नावानं, तरी
व्यक्तिशः ते जबाबदार नाहीत.
अप्पा बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिले.
मग म्हणाले, "बिचारे."

महापुरात पंचगंगा काउंटरच्या जाळीला लागली.
दिल्लीहून कोण येणार, आणि कशासाठी?
पोस्टमास्तर छाया घुणकीकर
पदर खोचून, शिक्क्यांची पेटी डोक्यावर धरून
जिना चढून आल्या.
पाच दिवस भारत सरकार आमच्या स्वयंपाकघरात:
पासबुकं जोंधळ्याच्या पिपात,
तिकिटं उलट्या परातीवर वाळत,
तारखेचा शिक्का मिठाच्या बरणीवर,
सोळा ऑगस्टच्या पुढं न सरकलेला.
मेणबत्तीत त्या एकेक खातं पुन्हा मोजायच्या.
आई म्हणाली, "झोपा की आता. तुमचं हाय का ते?"
"माझं न्हवं ओ," त्या म्हणाल्या,
"म्हणून तर."

यंदा मार्चात पोस्ट दुसऱ्या पोस्टात मिळवलं.
एक पोरसवदा निरीक्षक आला,
सुतळीला बांधलेली किल्ली त्यानं माझ्या हातात ठेवली,
राष्ट्रपतींच्या वतीने,
आणि पोच म्हणून माझी सही घेतली.
अप्पा असते तर त्याला चहा पाजून
उलट प्रश्न विचारले असते.
मी नुसती सही केली. स्वतःची.

आता शटरवर पाटी आहे, भाड्याने देणे.
काल एक मोबाइलवाला बघून गेला.
डिंकाचा वास अजून भिंतीत आहे,
जिथं काउंटर होतं तिथली फरशी दोन बोटं उजळ.
"आधी कोण होतं हितं?" त्यानं विचारलं.

म्हटलं, होते एक.
दिल्लीत असतात.
एवढ्या वर्षांत एकदाही आले नाहीत,
पण नाव शेवटपर्यंत त्यांचंच होतं.

नळ मात्र तुम्हाला बघावा लागेल.