टिंब

बाबालाल मिस्त्री साच्याची वाळू चेपतात
आणि पेटी मिटण्याआधी
कोपऱ्यात खिळ्यानं एक टिंब टोचतात.
ओतलेल्या लोखंडावर त्याची पुटकुळी उठते.
सवय. ड्रॉइंगमध्ये ती नाही.

ड्रॉइंगमध्ये देशाचं नावही नसतं,
नुसता नंबर, आणि सहा इंची फ्लँज.
"तेलाच्या लाइनला बसतोय," मालक म्हणाले होते,
"कुठंतरी वाळवंटात."
मिस्त्री हसले, म्हणजे वाळूतच की.

परवा फर्नेस ऑइल महागलं.
शिरोलीतली भट्टी दोन पाळ्यांवरून एकीवर आली.
चहाच्या गाड्यावर पोरं मोबाइल बघून भांडत होती,
सामुद्रधुनी कुणाची, चूक कुणाची.
मिस्त्री बशीत फुंकर मारत म्हणाले,
"आमच्या गल्लीत पाण्याचा कॉक पाटणकराच्या दारात.
त्याच्या घरच्या बारशालासुद्धा सगळी गल्ली जायची.
आणि एका मे महिन्यात
त्याचंच डोकं फुटलं, घागरीनं."

काल बंदरावरून भंगाराचा ट्रक आला.
सळया, पत्रे, कसलंतरी दार,
आणि मक्याच्या लाहीसारखा उललेला एक व्हॉल्व्ह.
मिस्त्रींनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.
परत फिरवला.
असेल, नसेल.
जळक्या लोखंडाला कसली ओळख?
"टाकू का?" हिंदुरावनं विचारलं.
"टाक की."

लाल झाला, मग पांढरा, मग पातळ.

संध्याकाळी नवी ऑर्डर.
तोच नंबर. नग दुप्पट.
मिस्त्री खिळा शोधत राहिले
खिशात, पेटीखाली, वाळूत.
कानावरच होता.