तुला, १९१६

पोलादावर ठोकलंय शहराचं नाव: तुला.
खाली साल.
तिथल्या लोकांना त्यात विभक्ती दिसत नाही.
त्यांच्या लेखी ते नुसतं गाव,
समोवारांचं, मध घातलेल्या जाड बिस्किटांचं,
आणि हातोड्यांचं.
मी मात्र मराठीत वाचते आणि दर वेळी अडखळते.
तुला.
म्हणजे कुणाला?

रईसा पानफिलोव्नाला असले प्रश्न पडत नाहीत.
तिच्या टेबलावर पाळीला चाळीस रिव्हॉल्व्हर येतात,
शंभर वर्षं ग्रीसमध्ये झोपलेली.
ती नळीत आडवी खीळ मारते, वितळवून बुजवते;
पुढे ती शर्यतीत आवाज करायला जातात.

आखणी परदेशी, लिएजच्या दोघा भावांची.
सात खोल्यांचं चक्र. इतरांची चक्रं नुसती फिरतात,
हे फिरतं आणि मग पुढे सरकून
नळीच्या तोंडाला तोंड लावतं,
पितळेची कडा मधली फट बुजवते,
पातेल्याचं झाकण कणकेनं लिंपावं तशी.
धूर वाया जात नाही.
त्याची किंमत बोट मोजतं:
चाप असा जड, की वाटावं
चिखलातून गाडी ओढतोय.
आणि रिकामं करायचं तर एकेक पुंगळी
सळईनं ढकलायची, निवांत,
समोरचा थांबणार असल्यासारखं.

झारच्या काळी याच्या दोन जाती होत्या.
साहेबाचा चाप ओढला की घोडा आपोआप उठे.
शिपायाला तो दर खेपेला अंगठ्यानं उठवावा लागे,
गोळ्या उधळेल म्हणून.
एकाच आव्यातली दोन भांडी,
एकाला ताट, एकाला पत्रावळ.

हे शिपायाचं.
रईसानं मुठीची डावी फळी उघडली
तर आतल्या लाकडावर पेन्सिल:
“स्प्रिंग नरम आहे. मुकादम म्हणाला जाऊ दे.
मला माफ कर. अगाफ्या.”

रईसानं चष्मा पुसला.
शेजारच्या भट्टीवरच्या सवेलीला हाक मारली नाही.
घोडा उठवून सोडला:
टक्.
अगदी हलकं. दारावर कुणी
आत यायचं नसताना वाजवावं, तसं.

ते कुणाच्या पट्ट्याला लटकलं,
कुठल्या खंदकात कुणी घोडा उठवला
आणि कोण त्यामुळे मेला, किंवा कोण
त्यामुळे मेला नाही,
फळी सांगत नाही.
अगाफ्यालाही ठाऊक नव्हतं ती कुणाची माफी मागतेय.
वर शिक्का होताच की:
तुला.

नियम असा की स्प्रिंग बदलायची.
नवी स्प्रिंग डबीत होती, तिच्या कोपराशी.
रईसानं फळी परत बसवली,
स्क्रू घट्ट केला,
वहीत लिहिलं: बदलली.

मे महिन्यात, एका शाळेच्या मैदानात,
सहा पोरं चुन्याच्या रेघेवर वाकलेली.
खेळाचे मास्तर लिओनीद हात वर करतात.
टक्.
पुन्हा घोडा उठवतात.
टक्.
एका पोरीचा तोल जातो, ती बाकीच्यांवर कोसळते,
आणि रेघ पुसून जाते त्यांच्या हसण्याखाली.

मास्तर त्या वस्तूकडे बघतात, नळीत डोकावतात,
मग काखेत धरून
दोन्ही हातांनी टाळी वाजवतात.