चौथ्यात गप्प

आवाज आधी मुलांनी पकडला.
मला वाटायचं रस्ताच तसा,
भक्ती पार्कपासूनचे पेव्हरब्लॉक, शेजारून जाणारा सिमेंटचा मिक्सर.
मागच्या बाकावरचा अद्वय, वय सहा, पुढचे दोन दात पडलेले,
म्हणाला, "मावशी, तुझ्या गाडीत कुणीतरी जातं फिरवतंय."

जातंच होतं.
पिठात खडा आल्यावर खुंटा हाताला कळवतो,
तसं गिअरच्या दांडीतून कोपरापर्यंत यायचं.
पहिल्यात दळायची, दुसऱ्यात दळायची,
तिसऱ्यात तर टँकरवाल्याने वाकून पाहिलं.
फक्त फ्रीवेवर चढून चौथा टाकला
की एकदम गप्प,
पाहुण्यांसमोर शहाण्या झालेल्या पोरीसारखी.
आणि या शहरात चौथा मिळतो किती?
सकाळची अकरा मिनिटं.
ऑरेंज गेटला उतरलं की संपला.

दारूखान्यात, भंगाराच्या वखारींमागे
हुसेनमियाँ तुंगेकरांचं गॅरेज.
चाळीस वर्षं जहाजांचे पत्रे शेजारी तुटतायत,
कान कधीच गेले.
मी ओरडून सांगू लागले, त्यांनी हात वर केला.
लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला,
टोक गिअरबॉक्सच्या अंगाला,
लाकडी मूठ दातांत.
डोळे मिटले.

मग मूठ काढून, बाहीला पुसून,
"न्यूट्रल ठेव बाय. क्लच दाब."
पुन्हा मूठ दातांत. दाबला. गप्प.
बोटाने खूण: सोड.
पुन्हा जातं.

"चौथ्यात बोलत नाय ना?"
मी हे सांगितलंच नव्हतं.
"चौथ्यात जोर सरळ मागे जातो.
बाकी सगळ्यात मधल्या शाफ्टाच्या खांद्यावरून.
त्याचा बेअरिंग गेलाय. गेलेला खांदा
भार आला की बोलतो."

दुसऱ्या दिवशी तेल परातीत उतरवलं.
काळं, आणि आत चमचम.
लोहचुंबक फिरवला, त्याला मिशा फुटल्या.
पण परातीच्या काठाला आणखी काही चिकटलं होतं.
त्यांनी चिमटीत घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं.
"भुसा."
मग थोडं थांबून, "प्लायचा."

जुनी विद्या आहे म्हणाले.
तेलात दोन मुठी भुसा, दात गादीवर झोपतात,
गिऱ्हाईक एक चक्कर मारून खूश.
महिना-दीड महिना.
मग गादी विरते.
"घेतलीस कोणाकडनं?"

मी म्हणाले, एजंट होता.

रमाकांत, माझा मावसभाऊ,
अँटॉप हिलला किचनच्या ट्रॉल्या बनवतो.
चावी देताना स्टिअरिंगला हळद त्यानेच लावली,
ठरल्या पैशांतले एकशे एक
शुभ म्हणून परत केले.
मी पेढे नेले होते. अर्धा किलो, केशरी.

बेअरिंग सातशे चाळीस. सील, तेल, मजुरी वेगळी.
दोन दिवस मुलांना दुसऱ्या व्हॅनमध्ये कोंबलं,
आयांचे फोन झेलले.
जुनं बेअरिंग हुसेनमियाँनी माझ्या तळहातावर ठेवलं.
गोळ्यांवर देवीचे वण.
फिरवून पाहिलं, अडखळलं,
तिथेच थोडा वेळ अडखळवत बसले.

रविवारी रमाकांतचा फोन. "काय गो, गाडी कशी पळते?"
मागे त्याची करवत सुरू होती.
मी म्हटलं, "तुझा आवाज नीट येत नाही रे."
हे खरंच होतं.
"मग करतो," म्हणाला.
त्याची धाकटी जुलैपासून माझ्याच व्हॅनमध्ये आहे,
खिडकीची जागा, अर्धे पैसे.
ते मी तसंच ठेवलंय. का, ते विचारू नका.

सोमवारी वडाळ्याच्या सिग्नलला उभी होते. न्यूट्रल.
इतकं शांत, की वॉटरबॅगमधलं पाणी ऐकू आलं.
पोरं एकमेकांकडे बघायला लागली,
कुणीतरी यायचं राहिल्यासारखी.
मग अद्वयने स्वतःच सुरू केलं,
पडलेल्या दातांच्या फटीतून, घशातून,
अगदी तेच, खड्यासकट.

सिग्नल सुटला.
मी क्लच दाबला.
तो थांबला.