काटा

दवाखान्यात जिन्याखालच्या बाकावर
निहारिका कुशवाह माझ्या शेजारी येऊन बसली,
मांडीवर फॉर्म, अंबाड्यात पेन.
"अंकलजी, बस बीस सवाल हैं."
गेल्या चार आठवड्यांत
स्वतःचं जगणं तुम्हाला कसं वाटलं?
एक ते पाच, एकच आकडा सांगा.

पोरी, वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढली मी.
दौलतगंज, सराफा, मोरारची मंडई.
शिक्का मारायच्या आधी
दोन्ही पारडी रिकामी करून बघायची असतात,
काटा मधोमध उभा राहतो का ते.
तुझ्या या एक-ते-पाचचा
रिकामा काटा कुठे उभा राहतो?
हे विचारलं नाही.
म्हटलं, तीन लिही.

झोप?
रात्रीतून चारदा उठतो.
गल्लीच्या टोकाला गजकवाले तीळगूळ कुटत असतात,
धप्प, धप्प,
मध्येच एकाला खोकल्याची उबळ, मग परत धप्प.
थंडीभर हेच माझं घड्याळ.
वाईट नाही तसं. जागं कुणीतरी आहे.
"तो दो लिखूँ?"
लिही दोन.

गोड खाता येत नाही याचं दुःख होतं का?
नोकरीत होतो तेव्हा दुकानदार खोके पुढे करायचे.
एकदाही घेतला नाही.
कुमुदिनी म्हणायची, एवढाच तर तुमचा ताठा.
आता वाटतं, खायला हवं होतं तेव्हा.
फुकट नव्हे, विकत. पावशेर. दुकानासमोर उभ्या उभ्या,
मिशीला तीळ लागेपर्यंत.
निहारिका हसली.
मिशीसाठी रकाना नव्हता.

मग पाय.
सप्टेंबरात नयाबाजारातून चालत घरी आलो.
दार उघडून कुमुदिनी म्हणाली,
"दुसरी चप्पल कुठाय?"
खाली बघितलं. एकच होती.
कुठून कुठवर तसा चाललो, देव जाणे,
रस्त्याने मला काही सांगितलं नव्हतं.
टाचेत बाभळीचा काटा, अर्धाअधिक आत.
ती चष्मा चढवून चिमट्याने काढत राहिली
आणि मी वरचा पंखा बघत होतो.
"दुखतंय म्हणा ना," ती म्हणाली,
"एकदा तरी ओरडा हो माझ्यावर."

तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली
की ती पाटावर बसते, माझं पाऊल मांडीत घेते,
मोबाइलची बत्ती लावून बोटांच्या बेचक्या तपासते.
पारडं उलटं करून
खाली कुणी शिसं चिकटवलंय का ते मी बघायचो,
अगदी तसं.
लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली,
इतकं निरखून तिने माझं तोंडसुद्धा पाहिलं नसेल.
तिचा अंगठा तळव्यावरून फिरताना दिसतो.
कळत नाही.
दिसतो म्हणून मी बघत राहतो.

सतरावा प्रश्न:
आपण घरच्यांवर भार आहोत असं वाटतं का?
नेहमी, बऱ्याचदा, क्वचित, कधीच नाही.

भार हा शब्द आमच्या खात्यातला.
खोटं वजन हातात घेतलं की सांगायचो मी,
वीस ग्रॅम कमी आहे, भरून आण.
माझ्या पावलाचं काय भरत असेल तिच्या मांडीवर?
कधी विचारलं नाही. ती सांगणारही नाही.
पेन थांबलं होतं.
"अंकलजी?"

क्वचित, म्हटलं.
खोटं होतं. तिने खूण केली.

अठरा, एकोणीस झाले.
विसावा तसाच ठेवून ती फॉर्मची घडी घालू लागली,
आणि घडीकडेच बघत म्हणाली,
"पापा को भी है. पूछो तो कहते हैं, सब ठीक."
विचारू नकोस, म्हटलं.
संध्याकाळी पाणी कोमट करून घे,
कोपर बुडवून बघ आधी,
मग त्यांचे पाय हातात घे आणि बघ.
लाजतील. ओरडतीलही.
ओरडले तर बरंच.

तिने ते कुठे लिहून घेतलं नाही.

माझा नंबर पुकारला, साखर तपासली,
दोनशे चौदा. डॉक्टर जरा बोलले.
बाहेर पायरीवर आलो.
ऊन होतं.
खाली बघितलं.
दोन होत्या.