शेवटचा आकडा

डाव्या पायाला प्लास्टर, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
महिनाभर मी कोल्हापूर बोटानं चालले,
काचेवर.
गंगावेस अर्ध्या इंचावर,
राजारामपुरी अंगठ्याच्या एका ढकलीत,
आणि सगळ्यांचे रस्से
एकाच फोटोतले तांबडे.

त्या रात्री ‘तिवले घरगुती’तून मागवलं.
पोऱ्या पिशवी दारात ठेवून गेला.
मी लंगडत पोचेपर्यंत
जिन्यात फक्त चपला वाजत होत्या, खाली खाली.

रस्सा अडीचशे मिली.
कोल्हापुरात रस्सा मोजलेला
मी पहिल्यांदा पाहिला.

झाकणावर मार्करनं, उभ्या घाईत:
‘पुढच्या टायमाला सरळ फोन करा.
शंभरातले अठ्ठावीस ते कापतात.
पोरगं आणून देईल. रस्सा पायजे तेवढा.’
खाली नंबर. नऊ आकडे स्वच्छ,
दहाव्यावर तवंग.
मी बोटानं पुसलं, तर आकडाच पुसला.

म्हटलं, दहाच तर आहेत.

शून्य: बंद.
एक: शिरोलीतला फाउंड्रीवाला, मागं घणाघण.
‘तिवले न्हाई ओ. पण मटणच खायचं तर…’
आणि मेव्हण्याच्या हॉटेलचा पत्ता दिला.
दोन: एक बाई मला नणंद समजून
पाच मिनिटं बोलली. चूक नणंदेचीच होती.
तीन उचललाच नाही.
चार: कागलचे कुणी मगदूम गुरुजी.
‘राँग नंबर,’ म्हणाले,
मग जरा थांबून, ‘पण जेवलासा का?’
पाच, सहा आता आठवत नाहीत.
सात:
आधी कढईत काहीतरी पडल्याचं चर्र,
मग, ‘बोला की!’

‘आठ फोन केलासा? जेवणापायी?’
हौसाक्का हसली ते कढईसकट ऐकू आलं.

उशीर झाला, खोटं कशाला बोलू.
नकाशावर सरकणारा ठिपका नव्हता,
खिडकीत मीच होते, कुबडीवर.
धैर्यशील आला तो लुनावर,
दोन हँडलांना दोन दुधाच्या किटल्या,
एकीत तांबडा, एकीत पांढरा.
सुट्टे नव्हते माझ्याकडं.
‘असूंदेत. किटल्या न्यायला येतोयच की उद्या.’

भाकरी जरा गार. रस्सा
दोन दिवस पुरला.

किटल्या घासल्या. रिकामं भांडं
परत द्यायचं नसतं, एवढं आईचं अजून हातात आहे.
घरात काय होतं? गुळाचा एक खडा.
तांबड्याच्या किटलीत टाकला, झाकण लावलं.
खडा आत वाजत जिना उतरला.

पुढच्या खेपेला किटलीच्या पोटावर
गुलाबी नेलपॉलिशनं नंबर आला,
दहाच्या दहा आकडे. हौसाक्काच्या सुनेचं अक्षर,
तवंगाला न जुमानणारं.

अ‍ॅप अजून विचारतं, अनुभव कसा होता?
पाच चांदण्या, रिकाम्या,
मी भराव्यात म्हणून.

काल एक फोन आला, नंबर ओळखीचा वाटला.
शेवटी चार.
‘काय ओ, सापडली का खानावळ?’
सापडली, गुरुजी. पण कागलपर्यंत नाही येत ते.
‘मग पत्ता सांगा. रविवारी
मीच येतो.’