खुणेला खूण

या पान्याला नाव नाही.
ट्रकच्या मोडक्या हाफशाफ्टातून मीच तो काढला,
उद्यमनगरात, पावणेदोन दिवस लेथ अडवून.
मालकानं तेवढाच पगार कापला.
जबडा चौकोनी, पण एका कोपऱ्याला किंचित उतार,
कारण दस्तगीर शिकलगारांनी दिलेलं माप
पट्टीवरचं नव्हतं, मेणावर उठवलेलं होतं.
दुसऱ्या कुठल्याच नटाला तो बसत नाही.
मामा नुसता हात पुढे करायचे: 'ते दे.'

चंदगडाकडून सटुप्पा गावडे आला, पहिल्या एसटीनं.
ठासणीची बंदूक पोत्यात, परवाना दुधाच्या पिशवीत,
परवान्यावर अजून बापाचं नाव.
बाप श्रावणात गेला.
कचेरीत म्हणाले, आधी रिकामी करून आण,
मग नावावरचं बघू.
'लावलेली हाय,' तो म्हणाला
आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

मामांनी गज नळीत सोडला,
तोंडाशी चिमटीत धरला,
बाहेर काढून नळीच्या अंगाला लावला.
बुडाला पोचायला चार बोटं कमी.
चार बोटं म्हणजे बार.
शेजारचा वेल्डिंगवाला मशीन बंद करून चहाला गेला.

मग घाई नाही.
दस्ता सोडवून नळी उभी केली, आत पाणी,
बुडाच्या आट्यांवर घासलेट आणि एरंडेल, निम्मं-निम्मं,
रात्रभर.
सटुप्पा शेडमध्येच आडवा झाला, फौंड्रीच्या वाळूच्या पोत्यांवर.
झोप नव्हतीच. मध्येच बोलायचा:
बा म्हणायचा, लावलीया, हात लावू नगा.
आमी पोरं त्या खुंटीखालनं वाकून जायाचो.
चुलत्यानं बांध कोरला न्हाई तो त्या एका शब्दावर.
हत्ती नाचण्यात शिरला त्या रातीला
बानं पत्र्याचा डबा वाजवला.
बंदूक खुंटीवरच.

सकाळी व्हाइसमध्ये तांब्याचे पत्रे, मध्ये नळी,
तोंड वाळूच्या पोत्यांकडे.
पहिल्यांदा छिन्नी: नळीवरून बुचावर
एकच बारीक रेघ.
सोडवायच्या आधी जुळल्याची खूण ठेवायची असते.
'ते दे.'
पाना बसला. उतार उताराला भिडला.
जोर हाताचा नाही, कमरेचा.
हललं नाही. पितळी हातोडीचे दोन टोले.
पुन्हा.
मग एक आवाज,
तुटल्याचा की सुटल्याचा,
तेवढ्या क्षणात कळत नाही.
रेघ केसभर सरकली होती.

अकरा आटे मोजले. बूच हातात आलं
आणि मागोमाग तांबडं पाणी.
चिखल. माती.
मातीत न विरघळलेला एक तुकडा, बोटाच्या पेराएवढा,
फोडला तर आत सुकलेले कोळी,
एकावर एक रचलेले.
कुंभारमाशीचं घर.
दारूचा कण नाही, छऱ्याचा दाणा नाही.

सटुप्पा पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आला.
तळहातावर ती माती घेतली,
अंगठ्यानं चुरडली, वास घेतला.
'किती वर्षांची असंल?'
मामांनी खांदे उडवले. माशी तारीख लिहीत नाही.

आटे ब्रशनं झाडले, चरबीचं बोट फिरवलं,
बूच हातानंच बसवत नेलं,
शेवटचा पाव फेरा तेवढा पान्यानं.
रेघेसमोर रेघ आली, मामा थांबले.
'अजून जरा आवळा की,' सटुप्पा म्हणाला.
'खुणेला खूण आली. पुढं गेलास
तर पुढच्या माणसाला सुटायची नाही.'

चिठ्ठीवर लिहिलं: रिकामी. खाली सही.
पोतं गुंडाळताना त्यानं विचारलं,
'परत खुंटीला लावताना, मामा,
पोरास्नी काय सांगू?'
मामा हात पुसत राहिले, बराच वेळ,
पुसून झालेले हात.

आता मामा नाहीत.
पाना माझ्या शेडमध्ये, खिळ्याला.
लेथवरचं नवं पोरगं परवा म्हणालं,
हा कुठल्या गाडीचा?
मी म्हणालो,
हात लावू नको.