लाईटवाल्याची लाईट

मंडळीत मी लाईटवाला.
पंचवीस वर्षं डिमरची मूठ धरून
रात्र हळूहळू उतरवत आलोय
कापलेल्या धानाच्या बांध्यांत उभारलेल्या स्टेजवर.
उजेड कमी केला तरी चेहरा तेवढाच राहतो,
हे मला कोणी शिकवायला नको होतं.

बियरचं शिकावं लागलं.

तुळशीदास कापगते, आमचा हिरो,
वय बावन्न, नाटकात सव्वीस.
दिवाळीनंतरच्या पहिल्याच खेळाला
शेरवानीचं खालून दुसरं बटन सुटलं
ते थेट पेटीवर.
पेटीवाला दचकून काळी चारमधून काळी पाचात गेला
आणि हिरोइनला तिथंच गावं लागलं.
साकोलीची डॉक्टरीण म्हणाली, साखर दोनशे दहा,
बियर बंद.

तो पडद्यामागं आला, मिशी हातात घेऊन.
"बकाराम, तुले लाईट समजते ना?
मंग बनव एखादी लाईट.
पोट नाई वाढलं पायजे
अन् चव नाई गेली पायजे."

पहिल्यांदा मी सोपं केलं,
नेहमीचाच माल, पाणी दुप्पट.
एक घोट घेऊन तो म्हणाला,
"हे तं तापातली पेज होय बा."

मग गिरणीतून कनकी आणली, चार किलो.
गळेस्तोवर शिजवली, त्यात भरडलेला मोडाचा जव,
डेअरीतला थर्मामीटर उसना घेऊन
त्रेसष्टवर आणलं,
आणि गंजाला गोधडी गुंडाळून दीड तास बसलो.
पारबता दारातून म्हणाली,
"कोन बाळंतीन झोपली अंदर?"

एवढा वेळ त्या उबेत ठेवलं
की पिठाचे तुकडे असे बारीक होतात
की यीस्ट ताटात शीतही ठेवत नाही.
दहा दिवसांनी काचेची कांडी सोडली,
एक हजार तीसवर तरंगणारी
एक हजार एकपर्यंत बुडाली.
साखर संपली होती.
चवही.
रिकाम्या मंडपात म्हटलेला संवाद
परत तोंडावर येतो, तशी.

त्या रात्री खेळात मरणाचा प्रवेश होता.
सगळं शून्यावर नेताना मी नेहमी
कोपऱ्यात एक पिवळा दिवा ठेवतो,
चाळीसचा, बाईच्या कानातल्यापुरता.
मूठ खाली ओढता ओढता
मला जव आठवला.

तिसऱ्या खेपेला मूठभरच,
लोखंडी कढईत, कॉफीच्या रंगावर भाजून.
उकळी संपताना हॉप्स
(पोस्टमननं पुडी हुंगून विचारलं होतं,
"ढोराचं औषध का?"),
ठेचलेले धने,
आणि काटोलच्या मेहुण्याकडच्या संत्र्याची साल,
आतला पांढरा खरवडून.
पौषाची थंडी, कोठीची जमीन,
तीन आठवडे कॅनला हात लावला नाही.
म्हणजे दोनदा लावला.

खेळ पहाटे साडेपाचला सुटला.
बैलगाड्या निघाल्या, बायका पोरं उचलून चालल्या,
तुळशीदास अर्ध्या रंगात, मागच्या पायरीवर.
स्टीलचा गिलास. फेस थोडाच, पण टिकला.
त्यानं घोट तोंडात फिरवला,
संवाद विसरल्यावर फिरवतो तसा,
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
मला वाटलं, गेलं.

"बकाराम," तो म्हणाला,
"यात पान्यावानी काई नाई.
अन् जड बी काई नाई.
काहून असं?"

मी वायरी गुंडाळत होतो.
सांगायला गेलो असतो तर कनकीपासून सांगावं लागलं असतं.
म्हटलं, आता एकच प्यायची.
त्यानं दोन प्यायल्या.

होळीच्या शेवटच्या खेळाला
शेरवानीचं बटन लागलं. श्वास रोखून, पण लागलं.
डॉक्टरीण अजून भुवया वर करूनच रिपोर्ट वाचते.
गाळलेला चोथा मी दर खेपेला
पारबताच्या म्हशीला घालतो.
वजन कुठं गेलं म्हणून विचाराल,
तर ती आता गोठ्याच्या दारातून
आडवी होऊन निघते.